मुलं येऊ द्यात, पण पोळ्या लाटायला नको

"ताई नमस्कार. आम्ही पिंपरी-चिंचवडमध्ये अकरा जणी मिळून एक स्वयंपाकघर चालवतो, बचत गटातून सुरू केलेलं. पोळी-भाजीचे डबे, कंपन्यांच्या ऑर्डरी, मधूनच एखादं बारसं-डोहाळजेवण. बऱ्याच जणी आधी धुणीभांडी करायच्या. आता शेजारच्या मनपा शाळेच्या मुख्याध्यापिका बाई म्हणतायत की आठवी-नववीची मुलं आठवड्यातून एकदा तुमच्याकडे पाठवते, त्यांना व्यवसाय कळेल आणि तुम्हालाही मदत होईल. मला आवडलं, पण गटात दोन तट पडलेत. काही जणी म्हणतात फुकट हात मिळतायत तर घ्या की, दिवाळीच्या फराळाला कामी येतील. काही म्हणतात पोरं म्हणजे नुसता गोंधळ, डबे लेट होतील. एका पालकाने तर शाळेत जाऊन विचारलं, आमच्या पोरांना पोळ्या लाटायला शाळेत घातलंय का. आणि आमच्यातल्या चौघींची मुलं त्याच शाळेत आहेत. एकीचा मुलगा नववीत आहे, तो आईला म्हणाला मी त्या दिवशी शाळेतच येणार नाही. हो म्हणू की नको?" — गटाची अध्यक्ष

ताई, हो म्हणा. पण बाईंच्या बोलण्यातलं ते "तुम्हालाही मदत होईल" आधी काढून टाका, कारण सगळी भानगड तिथेच आहे. मुलं मदतीला येत नाहीयेत, शिकायला येतायत, आणि शिकवणाऱ्या तुम्ही आहात. हे एकदा गटाच्या डोक्यात नीट बसलं की तुमचे दोन्ही तट आपोआप गप्प होतील. फुकट हात नाहीत म्हटल्यावर पहिल्यांचा मुद्दा संपला, आणि डब्याच्या वेळेत मुलं येणारच नाहीत म्हटल्यावर दुसऱ्यांचा.

फुकट हातवाल्यांना आधी कायदा सांगा, म्हणजे वाद लवकर मिटेल. १९८६ च्या बालमजुरी कायद्यात २०१६ साली बदल झाला आणि तेव्हापासून १४ वर्षांच्या आतल्या मुलाला कुठल्याच धंद्यात कामाला लावता येत नाही, आधी फक्त ठरावीक धोकादायक कामांना बंदी होती. आठवीतली निम्मी मुलं तेरा वर्षांची असतात. पकडलं गेलं तर कामाला लावणाऱ्याला सहा महिने ते दोन वर्षं कैद, किंवा २० ते ५० हजार दंड, किंवा दोन्ही. घरच्या धंद्यात मुलाने हातभार लावला तर चालतं अशी एक सवलत आहे, शाळेची वेळ सोडून वगैरे, आणि तुमच्यातल्या ज्या चौघींची मुलं आहेत त्या लगेच म्हणतील मग आमची चालतील. अहो पण अकरा बायकांचं सामायिक स्वयंपाकघर म्हणजे काही कुणा एकीचं घर नाही, त्या सवलतीच्या भरवशावर राहू नका. आणि शाळेने पाठवलंय म्हणून विकायच्या करंज्या मुलांकडून भरून घेणं शिक्षण होत नाही, ते काम बिनपगारीच राहतं.

दुसरं म्हणजे तुमचा एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न परवान्याचा, नंबर. तो १४ आकडी नंबर भिंतीवर लावलाय ना? त्याच्यासोबत जे स्वच्छतेचे नियम येतात त्यात अन्न हाताळणाऱ्या प्रत्येकाची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी आणि टायफॉइडच्या गटातल्या रोगांची लस हे दोन्ही आहे. तुमच्या अकरा जणींची झालेली असणार (नसेल तर हे पत्र बाजूला ठेवा आणि आधी ते करा). शाळेच्या मुलांची नसणार. त्यामुळे नियम एकदम सरळ ठेवा, गिऱ्हाइकाच्या डब्यात जाणाऱ्या कशालाही मुलांचा हात लागणार नाही. मुलांनी मळलेली कणीक वेगळी, त्याच्या पोळ्या वेगळ्या, त्या त्यांनीच खायच्या, वाकड्या-तिकड्या जशा होतील तशा. पालकांना सांगायलाही हेच वाक्य उपयोगी पडतं.

आता वेळ. डबे बाहेर पडायच्या आधीचे तीन-चार तास तुमच्याकडे काय चालू असतं ते मी तुम्हाला काय सांगणार, तेव्हा तिथे मूल नको म्हणजे नकोच. दोन शेगड्यांवर तेल तापलेलं, कुकरच्या शिट्ट्या, कुणीतरी ओरडतंय सात नंबरचा डबा बिनकांद्याचा. दुपारी भांडी घासून झाली, सगळ्या जेवल्या, की मग दीड तास. एका वेळी आठ मुलं, फार तर दहा, आणि सोबत शाळेचे एक सर किंवा मॅडम पूर्ण वेळ तिथेच, सोडून जाऊन घ्यायला परत येणारे नाही. चाळीस मुलांचा अख्खा वर्ग पाठवते म्हणाल्या तर सरळ नाही म्हणा, पाच तुकड्या करा म्हणा.

आता करायचं काय त्या दीड तासात, तर इथे खरी मजा आहे. सगळे जण आधी हाताच्या कामाचा विचार करतात, निवडणं सोलणं लाटणं. तुमच्याकडे शिकण्यासारखं त्याहून बरंच काही आहे जे तुम्हाला स्वतःला दिसत नाही कारण तुम्ही ते रोज करता. एक उदाहरण देते. तुमच्यातली जी पोळ्यांची मुख्य आहे तिला सांगा, नेहमीसारखे वीस उंडे तोड, मोजू नको, विचार करू नको. मग मुलांनी एकेक उंडा डिजिटल काट्यावर ठेवायचा आणि वजन वहीत लिहायचं. मग त्यांनी स्वतःच्या कणकेचे वीस तोडायचे आणि तेही वजन करून लिहायचे. दोन रांगा शेजारी शेजारी फळ्यावर मांडा. तुमच्या बाईचे आकडे एकमेकांना चिकटून येतील आणि पोरांचे इकडे वीस तिकडे साठ असे पसरतील. सरासरी, सगळ्यात मोठा-सगळ्यात लहान यातला फरक, हे सगळं गणिताच्या पुस्तकात आहेच, पण इथे ते ज्या बाईला सही करायला वेळ लागतो तिच्या बोटांत आहे हे मुलांना दिसेल. आणि खरं सांगू, तिलाही तेव्हाच दिसेल.

त्याच्या पुढचा तास कॉस्टिंगचा. मुलांना सांगा एक डबा आपल्याला कितीला पडतो ते काढा. मी इथे अंदाजाचे आकडे घेते, तुम्ही तुमचे घाला. समजा डबा ८० ला विकता. कणीक, तेल, भाजी, डाळ, तांदूळ मिळून ४२. गॅस ५ (आणि इथे एखादा चौकस पोरगा विचारेलच की हा लाल सिलिंडर कसा काय, तर धंद्याला १९ किलोचा कमर्शियलच लागतो, घरगुती १४.२ किलोचा चालत नाही, तेव्हा मुलं यायच्या आधी ते निस्तरून घ्या). भाडं-वीज ६, पोचवणं १०, साबण-पिशव्या-फुटकळ २. झाले ६५. उरले १५. दिवसाला दीडशे डबे म्हणजे २,२५० रुपये. अकरा जणी पाच पाच तास, म्हणजे ५५ तास. भागाकार करा म्हणावं. तासाला जेमतेम ४१ रुपये येतात.

तो आकडा फळ्यावर पडल्यावर खोलीत जरा शांतता होईल, त्याची तयारी ठेवा. मी बचत गटांच्या वह्या बऱ्याच बघितल्यात आणि बहुतेकींत एक रकाना नसतोच, स्वतःच्या मजुरीचा. कांद्याचे पैसे लिहिलेले असतात, रिक्षाचे लिहिलेले असतात, पण आपण पाच तास उभ्या राहिलो ते "आमचं काय, आम्ही घरच्याच" मध्ये जातं आणि महिन्याच्या शेवटी जे उरेल ते वाटून घेतात. मुलांना हे कळत नाही की हे विचारायचं नसतं, म्हणून ती विचारतात. मग त्यांनाच पुढचं गणित द्या, डब्याला पाच रुपये वाढवले तर किती? ५४ च्या वर जातं. रोजचा उरलेला भात तोलला आणि पुढच्या आठवड्यापासून तेवढे तांदूळ कमी भिजवले तर किती? पाच गिऱ्हाइकं तुटली तर काय? आठवीच्या मुलाला शेकडेवारीचं इतकं जिवंत गणित दुसरीकडे कुठे मिळणार, आणि तुम्हाला जर "मदत" हवीच असेल तर ही घ्या, ही खरी आहे. पण एक करा, हा हिशोब आधी तुमच्या तुम्ही गटात बसून काढा, म्हणजे मुलांसमोर पहिल्यांदा कळून कुणी दुखावणार नाही आणि कुठले आकडे उघडे करायचे ते तुमच्या हातात राहील. गिऱ्हाइकांची नावं आणि कुणी किती कर्ज घेतलंय हे अर्थातच नाही.

आणि याच धाग्यावर मुलांना मालक आणि मजूर यातला फरक पण दाखवता येतो. लिज्जतचा पापड सगळ्यांनी खाल्लेला असतो, पण १९५९ मध्ये गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन तो सुरू केला आणि तिथे लाटणारी बाई नोकर नसते, सभासद असते, हे किती मुलांना माहीत असतं? किंवा अन्नपूर्णा महिला मंडळ. गिरणगावात कामगारांच्या खाणावळी चालवणाऱ्या बायका सावकाराच्या आणि किराणावाल्याच्या उधारीत बुडालेल्या असायच्या, १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी त्यांना एकत्र आणलं आणि सरकारी बँकेचं कर्ज मिळवून दिलं. इतिहासाच्या पुस्तकात गिरणी संप येतो, त्या संपकऱ्यांना जेवायला कोण घालत होतं ते येत नाही. शाळेच्या सरांना सांगा हा तास त्यांनी घ्यावा, तुमच्या एखादीने फक्त आपलं पहिलं कर्ज कसं मिळालं ते दहा मिनिटं बोलावं.

आता पैशांचं, आणि इथे तुम्ही लाजणार हे मला माहितीये. शिकवण्याचे पैसे मागा. दीड तासाला दोघी जणी, महिन्यातून चार वेळा, त्याचं मानधन शाळेकडे मागा. बाई म्हणतील मनपा शाळेकडे कुठून आलं बजेट. ठीक आहे, मग शाळा व्यवस्थापन समितीत विषय घ्या, कुणी माजी विद्यार्थी असेल, एखादी कंपनी सीएसआरमधून, म्हणजे समाजकार्याच्या निधीतून, देत असेल, बघा म्हणावं, पण विषय कागदावर येऊ द्या. अगदीच काही नाही मिळालं तर निदान शाळेचे कार्यक्रम, स्नेहसंमेलन, शिक्षकांच्या मीटिंगा, यांच्या जेवणाच्या ऑर्डरी तुमच्याकडे याव्यात, पूर्ण रेटने, आणि तेही लेखी. कारण कसं होतं, कॉम्प्युटर शिकवायला बाहेरून कुणी आला की त्याला मानधनाचं पाकीट असतं आणि स्वयंपाक शिकवणाऱ्या बाईला नारळ आणि ब्लाउजपीस. हे तुम्ही बदलू शकता, आणि मुलांनी ते पाकीट बघितलेलं बरं.

यात नवीन काही नाहीये, बाईंना सांगायला सोपं जावं म्हणून सांगते. तुमच्याच जिल्ह्यात पाबळला विज्ञान आश्रम आहे, डॉ. कलबागांनी १९८३ साली सुरू केलेला, त्यांचा आठवी ते दहावीच्या शाळांसाठी हाताने काम करत शिकायचा अभ्यासक्रम आहे, त्यात शेती, वीज, सुतारकाम-वेल्डिंग यांच्याबरोबर घर-आरोग्य आणि अन्नप्रक्रिया पण येते आणि शिकवायला बहुतेक गावातलेच हुन्नर असलेले लोक असतात. आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना आहेतच, सुतार, माळी, कुंभार अशा लोकांकडे जाऊन शिकायचे. त्या यादीत "महिला गटाचं स्वयंपाकघर" बसवायला काहीच अडचण नाही. त्यामुळे आठवीला दप्तराविना दिवसांमध्ये घ्या आणि नववीला कुठल्या विषयात बसवायचं ते बाईंनी लेखी ठरवावं, म्हणजे त्यांनाही वरच्या ऑफिसला उत्तर द्यायला कागद राहील.

पालकांची एक मीटिंग घ्या, शाळेत नाही, तुमच्या स्वयंपाकघरात. चहा द्या. काय करणार, काय नाही करणार ते सांगा आणि मराठीत लिहिलेल्या संमतीपत्रावर सह्या घ्या. मुलं काय नाही करणार हे जास्त मोठ्याने सांगा: गॅस पेटवणार नाहीत, तळणाजवळ जाणार नाहीत, डबे पोचवायला रस्त्यावर जाणार नाहीत, दारोदार जाऊन काही विकणार नाहीत, आणि त्यांचे फोटो तुमच्या व्हॉट्सअॅप स्टेटसला जाहिरात म्हणून लागणार नाहीत. त्या पालकाला, जो शाळेत जाऊन भांडला, त्याला मुद्दाम बोलवा. त्याचा प्रश्न चुकीचा नव्हता हो. त्याला वाटलं आपलं पोरगं शिकून यातून बाहेर पडावं आणि शाळाच त्याला परत तिकडे ढकलतीये. त्याला तो उंड्यांचा आणि कॉस्टिंगचा कागद दाखवा.

आणखी दोन गोष्टी, ज्यावर मीटिंगमध्ये कुणी बोलत नाही आणि नंतर त्याच फुटतात. एक, मुलगे काट्यावर वजन करतायत आणि मुली कणीक मळतायत असं पहिल्याच दिवशी होणार, कुणी न सांगता. आधीच चिठ्ठ्या टाका. दोन, गटातली एखादी मोठी बाई एखाद्या मुलीला हळूच विचारेल "तुझं बाजूला नाहीये ना?" म्हणजे पाळी नाहीये ना. हे चालणार नाही असं आधीच ठरवा, आणि कुणाच्या हातचं कोण खातं असले शब्द कुणी काढले, पालकाने किंवा तुमच्यातल्या कुणी, तर त्या बाबतीत समजूत वगैरे घालत बसू नका, तिथल्या तिथे थांबवा. ज्याला पटत नसेल त्याने आपलं मूल पाठवू नये. मुलं तुमच्याकडून हे पण शिकणार आहेत, पोळी येवो न येवो.

राहिला तो नववीतला मुलगा. त्याला लाज वाटते आईची असं म्हणून त्याला झापू नका आणि त्याच्या आईलाही झापू देऊ नका. तो वर्गात कुणीतरी आहे आणि आता सगळा वर्ग त्याच्या आईला एप्रन आणि टोपीत, भांड्यांच्या ढिगापाशी बघणार, पंधराव्या वर्षी हे कुणालाही जड जाईल. त्याच्या आईला विचारा तिला स्वतःला काय हवंय, ती त्या दिवशी सुट्टी घेणार असेल तर घेऊ द्या. पण मला विचाराल तर पहिल्या दिवशी तिलाच पुढे करा, शिकवणारी म्हणून, फळ्याशेजारी उभी, आणि मुलांनी तिला "मॅडम" म्हणायचं, सरांना जसं सर म्हणतात तसंच. कामगार म्हणून दिसलेली आई आणि मॅडम म्हणून दिसलेली आई यात पोराच्या दृष्टीने फार फरक असतो. तो स्वतः पहिल्या तुकडीत नको, तिसऱ्या-चौथ्या तुकडीत टाका, तोपर्यंत बाकीची मुलं जाऊन आलेली असतील आणि वर्गात काय बोलणं होतंय ते त्याच्या कानावर गेलेलं असेल. तरी नाही म्हणाला तर नाही. सक्ती करू नका, त्याला शाळेत बसून कॉस्टिंगची वही एक्सेलमध्ये चढवायचं काम द्या, ते त्याला आवडेलही कदाचित.

आधी फक्त एक सत्र करून बघा, दिवाळीनंतरचं. जूनमध्ये शाळा सुरू होताना करू नका, तेव्हा सरांना ॲडमिशन आणि पुस्तकवाटपातून मान वर करायला वेळ नसतो आणि तुमच्याकडे पावसाळ्यात भाजीचे भाव वर-खाली होत असतात, कॉस्टिंगचं गणित दर आठवड्याला बदलेल. सत्र संपल्यावर गटात बसा आणि सरळ विचारा, जमलं का, दमलो का, पैसे आले का. नाही जमलं तर बंद करा, शाळेला वाईट वाटेल म्हणून ओढत राहू नका.

आणि दिवाळीच्या फराळाचं म्हणाल तर हात कमी पडणारच आहेत, ते खरंय. वस्तीतल्या तीन-चार जणींना महिनाभर रोजावर घ्या, त्यांची तपासणी करून घ्या, आणि चकलीच्या किलोमागे किती आणि दिवसाचे किती ते गणपतीच्या आधीच ठरवून टाका, नवरात्रात बोलायला गेलात तर सगळ्या दुसरीकडे शब्द देऊन बसलेल्या असतात.